हजाराच्या एक अलीकडे

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात जानेवारीत माणसं घराबाहेर दिसतात ती दोनच कामांसाठी. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला, नाहीतर कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायला. माझे बाबा आणि आमचे समोरचे शेजारी एकमेकांना भेटले ते यातल्या पहिल्या कामाच्या निमित्ताने.

आई गेली त्या वर्षी मी बाबांना नागपूरहून हिवाळाभरासाठी माझ्याकडे आणलं होतं. तिकडे रिकाम्या घरात एकटे राहण्यापेक्षा इकडे बरं, असा माझा हिशोब. प्रत्यक्षात इथेही ते दिवसभर एकटेच असायचे. मी गाड्यांच्या सीटबेल्टचं डिझाइन करणाऱ्या कंपनीत, नवरा सोमवार ते गुरुवार टेक्सासला क्लायंटकडे, मुलगी पाचवीत. बाबा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायचे आणि संध्याकाळी मी आले की तिथेच असायचे. टीव्ही चालू असायचा. काय पाहिलं विचारलं तर सांगता यायचं नाही.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. मीटिंगमध्ये सहज खिडकीबाहेर नजर गेली तर बाबा नवऱ्याचं जाड जॅकेट घालून, कानावर माकडटोपी ओढून, फावड्याने बर्फ उपसत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, नागपूरच्या उन्हात वाढलेला. मी मीटिंग सोडून धावले. पण माझ्या आधी समोरचे शेजारी रस्ता ओलांडून आले होते.

या शेजाऱ्यांना सगळी गल्ली ‘कोच’ म्हणते. तरुणपणी ते प्रोफेशनल आइस हॉकी खेळायचे, बहुतेक वर्षं मोठ्या लीगच्या खालच्या लीगमध्ये, लहानलहान गावांच्या टीमकडून. नंतर आमच्या गावातल्या रिंकवर मुलांना शिकवत राहिले. उंच माणूस, नाक दोनदा मोडून वाकडंच जुळलेलं. इतकी वर्षं समोर राहून माझी त्यांच्याशी ओळख हात हलवण्यापुरतीच होती.

मी बाहेर पोचले तेव्हा ते बाबांना फावडं कसं धरायचं ते दाखवत होते. “खालचा हात अजून खाली घ्या. जोर कमरेतून नको, गुडघ्यातून.”

“बॅट धरतात तसं,” बाबा त्यांच्या ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणाले.

“कसली बॅट?”

झालं. गुडघाभर बर्फात उभं राहून बाबांनी त्यांना क्रिकेट समजावून सांगितलं. स्टम्प म्हणून दोन फावडी रोवली गेली. मी दारात कुडकुडत उभी. आईला जाऊन चार-पाच महिने झाले होते आणि तेवढ्या काळात बाबा सलग इतकं बोललेले मी ऐकले नव्हते.

“मग तुम्ही बॅट्समन होतात?” कोचनी विचारलं.

“नाही. मी अंपायर होतो.” बाबा वीज खात्यात नोकरीला होते, पण शनिवार-रविवार क्लब क्रिकेटचं अंपायरिंग करायचे, तेही हौसेने, निवृत्तीनंतरही कितीतरी वर्षं.

कोच मोठ्याने हसले. “म्हणजे सगळं मैदान ज्याच्यावर ओरडतं तो!”

“तोच,” बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून कोच त्यांना अंपायर म्हणायला लागले, आणि बाबा संध्याकाळी समोरच्या बेसमेंटमध्ये हॉकी बघायला जायला लागले. कोचच्या बायकोला हॉकीचा कंटाळा. मॅच लागली की त्या वर निघून जायच्या. त्यामुळे त्यांनाही नवऱ्याला कंपनी मिळाली याचा आनंदच झाला असावा, कारण बाबांसाठी अंडं न घातलेला केक येऊ लागला.

सुरुवातीला बाबांची तक्रार एकच. “अगं, तो पकच दिसत नाही. सगळे नुसते धावताहेत आणि मधेच सायरन वाजतो.” पक म्हणजे या खेळातली रबराची काळी चकती, हाताच्या तळव्याएवढी. कोचनी त्यांना सांगितलं, पक शोधू नका, माणसं बघा. कोण कुठे मोकळा होतोय ते बघा. हे मात्र बाबांना लगेच जमलं. आयुष्यभर एका जागी उभं राहून दुसऱ्यांचे पाय आणि हात बघण्याचाच तर त्यांनी सराव केला होता.

मग एकदा जेवताना त्यांनी आम्हाला पॉइंट्सची पद्धत सांगितली. इतके उत्तेजित होऊन, की वरणभात गार झाला.

“गोल करणाऱ्याच्या नावावर एक पॉइंट. बरोबर? त्याला पास देणाऱ्याच्याही नावावर एक. त्याला असिस्ट म्हणतात. आणि आता ऐक. त्या पास देणाऱ्याला ज्याने पास दिला, त्याच्याही नावावर एक! तेवढाच! कमी नाही!”

“आजोबा, एव्हरीबडी नोज दॅट,” माझी मुलगी म्हणाली.

“मला नव्हतं माहीत,” बाबा म्हणाले. “आपल्याकडे शंभर करणाऱ्याचं नाव बोर्डावर लागतं. दुसऱ्या टोकाला उभा राहून जो त्याला स्ट्राइक देत राहिला, त्याचं कुठे लिहितात? इथे लिहितात. आयुष्यभराचं लिहून ठेवतात.”

मोठ्या लीगमधल्या आमच्या भागाच्या टीमचा कॅप्टन तेव्हा हजार पॉइंट्सच्या जवळ आला होता. हजार म्हणजे काय, हे कोचनी बाबांना नीट समजावलं होतं. मोठ्या लीगपर्यंत पोचणारे मुळात थोडे. त्यातले बहुतेक जण शंभराच्या आतच घरी जातात. पाचशे गोल करणारे वेगळेच, त्यांची गोष्टच सोडा. पण हजार पॉइंट्स करायला नुसतं चांगलं खेळून भागत नाही. पंधरा-पंधरा, अठरा-अठरा वर्षं टिकावं लागतं. गुडघे, खांदे, दात, सगळं सांभाळत किंवा गमावत.

कॅप्टनने बरंच गमावलं होतं. समोरचे दोन दात नव्हते. एक गुडघा दोनदा कापून शिवलेला. टीममधली विशी-बाविशीतली पोरं त्याच्या बाजूने सुसाट निघून जायची. पण बाबांना तोच आवडायचा. “हा कधी घाईत दिसत नाही,” ते म्हणायचे. “सगळे पकच्या मागे पळतात. हा आधीच जाऊन उभा असतो.” त्याचे गोल कमी होते आणि असिस्ट जास्त, हेही बाबांना आवडण्याचं कारण होतं.

नऊशे नव्व्याण्णववर मात्र तो अडकला. एक मॅच गेली, दुसरी गेली, तिसरी. टीव्हीच्या कोपऱ्यात तो आकडा सारखा दिसायचा. बाबांची झोप उडायची पाळी आली. कोच म्हणायचे, “सगळी टीम आता त्यालाच पास देतेय. शॉट मारायच्या जागी पास. त्यामुळे कुणाचाच गोल होत नाही. त्यालाही हे कळतंय, बघा त्याचा चेहरा.” खरंच, एका मॅचमध्ये बेंचवर बसून तो शेजारच्याला काहीतरी रागावून सांगताना दिसला. कोचनी ओठांवरून ओळखलं, “अरे, शॉट मार.”

पुढची मॅच आमच्या जवळच्या मोठ्या शहरातच होती, शनिवारी दुपारी. कोचनी जुन्या ओळखीतून चार तिकिटं मिळवली. कोच, बाबा, माझी मुलगी आणि मी असे चौघे निघालो. खरं सांगायचं तर मी ड्रायव्हर म्हणून गेले होते. हॉकीत मला रस नव्हता. बाबा गाडीत पुढच्या सीटवर माकडटोपी घालून, लग्नाला निघाल्यासारखे ताठ बसले होते.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती बर्फावरून अंगावर येणारी थंडी आणि मग आवाज. टीव्हीवर यातला अर्धाही आवाज येत नाही. स्केटचं पातं बर्फ कापतं तेव्हा कापड फाडल्यासारखा आवाज होतो. पक रिंकभोवतीच्या फळीवर आदळतो तेव्हा छातीत धस्स होतं. बाबांनी सीटचा दांडा घट्ट धरला होता. “एवढा वेग असतो?” ते मला मराठीत म्हणाले. “आणि यात हा माणूस घाई करत नाही?”

पहिल्या भागात कॅप्टनला एक संधी मिळाली. त्याचा शॉट गोलच्या खांबाला लागून खणकन परतला. सगळं अरेना उभं राहिलं आणि एक लांब सुस्कारा टाकून खाली बसलं. अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून माना हलवत होती. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर डोळ्यांवर हात ठेवले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, झाला पाहिजे बाई याचा.

दुसऱ्या भागाच्या मध्यावर ते घडलं. आमच्या टीमचा एक डिफेन्समन, त्या वर्षीच आलेला कोवळा मुलगा, लांबून शॉट मारायला सज्ज झाला. कॅप्टन गोलकीपरच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला होता, पाठीवर दोन विरोधी खेळाडू घेऊन. हे त्याचं नेहमीचं काम, कोचनी कानात सांगितलं. गोलकीपरला काही दिसू द्यायचं नाही आणि जमलं तर येणाऱ्या पकला स्टिकचं टोक लावून त्याची दिशा बदलायची. मुलाने शॉट मारला. चार-पाच माणसांच्या स्टिक आणि पायांची गर्दी झाली आणि पक जाळीत होता.

सायरन. दिवे. माझ्या आयुष्यात मी एवढा कल्लोळ ऐकला नव्हता. लाउडस्पीकरवर कॅप्टनचं नाव दणाणलं आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही. बेंचवरची सगळी टीम कठडा ओलांडून बर्फावर उतरली आणि त्याच्या अंगावर कोसळली. वर मोठ्या पडद्यावर हजाराचा आकडा झळकला. माझी मुलगी सीटवर उभी राहून किंचाळत होती. कोच दोन्ही हात वर करून उभे होते. मीही ओरडत होते, काय ते आठवत नाही.

बाबा ओरडत नव्हते. ते पुढे झुकून टक लावून बघत होते.

“काय झालं बाबा?”

“तो नाही म्हणून राहिला, पाहा,” बाबा म्हणाले. गडबडीत त्यांची नागपुरी वर येते. “त्याची मान पाहा.”

मी बघितलं. त्या गर्दीतून कॅप्टनचं डोकं दिसत होतं आणि तो मान हलवत होता. आधी मला वाटलं, भावना अनावर झाल्या असतील. मग त्याने दोन जणांना हळूच बाजूला सारलं, गोलपाशी गेला, वाकून जाळीतून पक काढला. लोकांनी अजून टाळ्या वाजवल्या. हजाराव्या पॉइंटचा पक, तो घेणारच. पण तो बेंचकडे गेला नाही. सरळ रेफरीकडे गेला. स्टिक उभी धरून, टोकाकडे बोट दाखवून त्याने काहीतरी सांगितलं. रेफरीने डोकं खाजवलं. मग दोघं स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी गेले.

“काय सांगतोय तो?” मी कोचना विचारलं.

कोचचे हात खाली आले होते. “सांगतोय की पक त्याच्या स्टिकला लागलाच नाही.”

“मग असिस्ट तरी?”

“त्याने पास दिलाच नव्हता. तो नुसता उभा होता. नसेल लागला, तर त्याला काहीच नाही.”

पडद्यावर पुन्हा पुन्हा तो गोल दाखवत होते, सगळ्या बाजूंनी. खरं सांगते, मला काही कळलं नाही. लागला असंही वाटत होतं, नाही असंही. तो गप्प राहिला असता तर कुणी एका अक्षराने काही बोललं नसतं. थोड्या वेळाने लाउडस्पीकर पुन्हा बोलला. गोलवरचं नाव बदललं होतं. तो आता त्या कोवळ्या डिफेन्समनचा होता. मोठ्या लीगमधला त्याचा पहिला गोल. असिस्ट दुसऱ्याच दोघांचे. पडद्यावरचा हजार गेला आणि पुन्हा नऊशे नव्व्याण्णव आलं.

काही क्षण अरेनात नुसती कुजबुज. लोकांना काय करावं कळेना. तेवढ्यात कॅप्टन त्या मुलापाशी गेला. मुलगा बिचारा असा उभा होता, जसा काही त्याच्या हातून कुणाचं काही फुटलं होतं. कॅप्टनने त्याच्या हातात पक ठेवला आणि हेल्मेटवर दोन टपल्या मारल्या. मग कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या. आधी एका कोपऱ्यात, मग वरच्या मजल्यावर, मग सगळीकडे. मघाशी कल्लोळ होता. हे तसं नव्हतं. लोक शांतपणे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि थांबत नव्हते. कॅप्टनला बहुतेक अवघडल्यासारखं झालं. तो बेंचवर जाऊन पाणी पीत बसला, मान खाली घालून.

बाबांनी माकडटोपी काढली होती आणि ती काखेत धरून तेही टाळ्या वाजवत होते. त्यांचे डोळे भरले होते. आईच्या वेळी सगळे विधी पार पाडेपर्यंत त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

“किती वर्षं उभा राहिलो मी मैदानात,” ते म्हणाले. “बॅटची कड लागली हे ठाऊक असून बॅट्समन माझ्याकडे बघत उभे राहायचे. अंपायरला दिसलं नाही ना, मग झालं. स्वतःहून निघून जाणारे असे क्वचित. आणि त्यांचं काय, साठ-सत्तर रन झालेले. याच्या हातात अख्खं आयुष्य होतं गं.”

हे मी इंग्रजीत कोचना सांगितलं.

त्या मॅचमध्ये कॅप्टनला पॉइंट मिळाला नाही. टीम जिंकली. परतताना मुलगी मागच्या सीटवर झोपून गेली. हायवेच्या दोन्ही बाजूंना मळका बर्फ साचलेला. मग बाबांनी मागे वळून कोचना विचारलं, “तुमचे किती पॉइंट्स होते?”

मला ओशाळल्यासारखं झालं. कोच मोठ्या लीगमध्ये फार थोडे दिवस खेळले होते एवढं मला माहीत होतं.

“शून्य,” कोच म्हणाले. आणि मग, “म्हणजे एक संध्याकाळ एक होता.”

त्यांनी सांगितलं ते असं. कुणीतरी जखमी झालं म्हणून त्यांना वरच्या लीगमधून बोलावणं आलं होतं, थोड्याच मॅचेससाठी. त्यातल्या एका मॅचमध्ये त्यांच्या टीमचा गोल झाला आणि लाउडस्पीकरवर असिस्ट म्हणून त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी हॉटेलवरून आईला फोन केला. आई लहान गावात राहायची, तिने टीव्हीवर पाहिलं होतं, ती फोनवर रडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की रात्री फिल्म पुन्हा बघून तो असिस्ट दुसऱ्याला दिला. मधे कुणाची तरी स्टिक लागली होती.

“चुकीचं केलं त्यांनी?” बाबांनी विचारलं.

“नाही, बरोबर केलं. मी स्वतः पाहिली ती फिल्म. माझा पास नव्हताच तो.” कोच हसले. “मी पुन्हा आईला फोन केला, म्हटलं, मॉम, तो माझा नव्हता. ती म्हणाली, तू सांगितलंस ते बरं केलंस. पण माझं नाव मी टीव्हीवर ऐकलंय, ते काही आता कुणी परत नेऊ शकत नाही.”

“माझं नाव?” बाबा म्हणाले.

“आडनाव तेच ना,” कोच म्हणाले. “माझं काय, तिचं काय.”

बाबा मोठ्याने हसले आणि मग दोघंही हसत सुटले, इतके की मुलगी जागी झाली.

आठवडाभरातच कॅप्टनचा हजारावा पॉइंट झाला. दुसऱ्याच शहरात, दुसऱ्यांच्या अरेनात. त्या संध्याकाळी मीसुद्धा कोचच्या बेसमेंटमध्ये होते, कुणी बोलावलं नसताना. गोल झाला तेव्हा आमच्या लक्षातच आलं नाही. कॅप्टनने आपल्या टोकाकडून एक साधा, सरळ पास दिला होता. तो घेऊन एकाने दुसऱ्याला दिला आणि दुसऱ्याने गोल केला. तो दुसरा कोण ते आठवत नाही, आणि त्या कोवळ्या डिफेन्समनचा त्यात काही संबंध नव्हता. खुद्द कॅप्टनही वळून बेंचकडे चालला होता. मग त्याचे सोबती ओरडत त्याच्याकडे धावले तेव्हा त्याला कळलं. यावेळी त्याने मान हलवली नाही. तोंड उघडून हसला. दोन दातांची ती मोकळी जागा टीव्हीवर लख्ख दिसली.

परक्या शहरातले लोक उभे राहिले. आपल्या टीमवर गोल झालेला असताना. कोच उठून उभे राहिले, बाबाही उठले. कोचच्या बायको जिन्यावरून डोकावल्या. “झाला का एकदाचा?” त्यांनी विचारलं आणि त्याही खाली येऊन आमच्यात उभ्या राहिल्या.

मॅच संपल्यावर मी आणि बाबा रस्ता ओलांडून घरी निघालो. बर्फ घट्ट होऊन निसरडा झाला होता, म्हणून मी त्यांचा हात धरला होता.

“त्या शनिवारी झाला असता तर बरं झालं असतं, नाही?” मी म्हटलं. “घरच्या लोकांसमोर. आपल्या डोळ्यांदेखत.”

बाबा थांबले. मी काहीतरी विचित्र विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“पण त्या शनिवारी झालाच नव्हता ना,” ते म्हणाले, आणि पुन्हा जपून पाऊल टाकत चालू लागले. दारात बूट झाडताना त्यांनी विचारलं, “जेवायला काय आहे? भूक लागलीय सपाटून.”